आय-१३० फॉर्मवर दत्तक आईवडील: कुठे सोपं, कुठे अडतं

अमेरिकेत नातेवाइकाला ग्रीन कार्डावर बोलवायचं, तर सुरुवात होते यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याच्या, आय-१३० या पिटिशनने (अर्जाने). आईवडील, मुलं, नवरा-बायको, भावंडं, सगळ्यांसाठी हा एकच फॉर्म. इथे तो एकाच बाजूने पाहिला आहे: नातं दत्तकाचं असेल तेव्हा हा फॉर्म कसा चालतो? डोळ्यासमोर आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण आहे. मूल नसलेल्या काका-काकूंनी किंवा मामा-मामींनी घरातलंच मूल लहानपणी दत्तक घेतलं. ते शिकून नोकरीवर अमेरिकेला गेलं, पुढे नागरिक झालं, आणि आता त्याला दत्तक आईवडिलांना बोलवायचं आहे.

निष्कर्ष आधी सांगतो. आय-१३० ला पाचपैकी चार. दत्तकाचा प्रश्न सरळ विचारणारा आणि उत्तराला स्वतंत्र चौकट देणारा हा फॉर्म आहे, आणि ही सोय मोठी आहे. त्याच्या सूचनापत्रकाला मात्र दोनच, कारण कोणती कागदपत्रं हवीत ते तिथे आहे, पण भारतातल्या एकत्र कुटुंबात ती कशी जमवायची याचा अंदाज तिथून येत नाही. बहुतेक अडचणी फॉर्म भरताना येतच नाहीत. त्या येतात पुरावा मागितला जातो तेव्हा, आणि त्याहून जास्त, आधीच्या एखाद्या फॉर्मवर वेगळ्या आईवडिलांची नावं सापडतात तेव्हा.

आधी व्याख्या, मग नाव

‘आईवडील म्हणून कुणाचं नाव लिहू?’ हा प्रश्न भावनेने किंवा सोयीने सोडवायचा नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात दत्तक मुलाची व्याख्या ठरलेली आहे. दत्तक मुलाच्या सोळाव्या वाढदिवसाआधी झालेलं असावं. दत्तक घेणाऱ्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा किमान दोन वर्षं असावा, आणि दोघं किमान दोन वर्षं एकत्र राहिलेले असावेत. एकाच पालकांनी सख्ख्या भावंडांपैकी एकाला सोळाच्या आत घेतलं असेल, तर दुसऱ्यासाठी मर्यादा अठरापर्यंत जाते. ही दोन वर्षं सलग असायची गरज नाही. मूल मध्ये वर्षभर वसतिगृहात राहिलं म्हणून आधीचा काळ वाया जात नाही, सगळा मिळून मोजला जातो.

व्याख्या पूर्ण होत असेल, तर इमिग्रेशनपुरते तुमचे आईवडील म्हणजे दत्तक आईवडील. कायद्याने त्याची दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे: अशा मुलाच्या जन्मदात्यांना त्या जन्माच्या नात्यावर कोणताही इमिग्रेशन लाभ मिळत नाही. आपल्याकडे हे पचायला जड जातं, कारण जन्मदाते आईवडील बहुतेक वेळा त्याच घरात किंवा दोन गल्ल्या पलीकडे असतात आणि नातं कधी तुटलेलं नसतं. ‘यंदा दत्तक आईवडील, पुढच्या वर्षी जन्मदाते’ असा बेत चालत नाही. सख्ख्या भावाबहिणीसाठी पिटिशन करायचं असेल, तरी तीच अडचण येते, कारण भावंडांचं नातं कायद्यात आईवडिलांवरूनच ठरतं.

आता महाराष्ट्रातली एक खास गोष्ट. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ प्रमाणे दत्तक मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, पण रूढी असेल तर अपवाद आहे. जुन्या मुंबई प्रांतात मोठ्या वयाच्या, अगदी लग्न झालेल्या माणसालाही दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. शेतीवाडीला वारस हवा म्हणून बावीस-पंचवीस वर्षांच्या पुतण्याला दत्तक घेतल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील. असं दत्तक भारतात वारसाहक्कासाठी चालतं, अमेरिकेच्या व्याख्येत मात्र बसत नाही. अशा दत्तक आईवडिलांसाठी आय-१३० भरून शुल्क घालवू नका. तिथे जन्मदात्यांशी असलेलं नातं इमिग्रेशनसाठी शाबूत धरलं जाऊ शकतं, पण हा निर्णय कागद पाहून इमिग्रेशन वकिलानेच द्यावा.

फॉर्मवरच्या चौकटी

पिटिशन करणारा अमेरिकी नागरिक आणि किमान २१ वर्षांचा हवा. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही.

पहिल्या भागातला पहिला प्रश्न: कुणासाठी अर्ज करताय? ‘पालक’ ही चौकट. दुसरा प्रश्न नात्याचा प्रकार विचारतो आणि तिथे मूल दत्तक आहे, अनाथ किंवा हेग करारातलं नाही, अशा अर्थाची चौकट आहे. वरच्या उदाहरणातल्या माणसाची खूण तिथेच. ‘हेग’ हा शब्द वाचून अनेक जण थबकतात. भारत हेग करारात आहे, मग आपलं दत्तक हेगचं झालं का? नाही. भारतात राहणाऱ्या भारतीय जोडप्याने भारतातलंच मूल घेतलं, तिथे देशाची सीमा ओलांडली गेलेली नाही. हेग करार आंतरदेशीय दत्तकाचा आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो: ‘तुम्हाला कायम वास्तव्याचा दर्जा किंवा नागरिकत्व दत्तकामुळे मिळालं का?’ माणूस दत्तक असतो, म्हणून हात आपोआप ‘हो’कडे जातो. प्रश्न तो नाही. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलात, कंपनीने ग्रीन कार्ड केलं, पुढे नागरिक झालात, तर उत्तर ‘नाही’. अमेरिकी पालकांनी तुम्हाला दत्तक घेऊन नेलं असेल, तर ‘हो’. इथे चुकून ‘हो’ झालं, तर अधिकारी तुमच्या मूळ फाइलमध्ये नसलेली गोष्ट शोधू लागतो.

दुसरा भाग पिटिशन करणाऱ्याचा. तिथे तुमच्या दोन्ही पालकांची माहिती विचारतात. इथे दत्तक आईवडीलच लिहायचे, जरी त्यांच्यापैकी एकासाठीच हे पिटिशन असलं आणि तीच माहिती पुढे पुन्हा येणार असली तरी. जन्मदात्यांची नावं या रकान्यात घालू नका. ती द्यायचीच असतील तर शेवटच्या नवव्या भागात, म्हणजे जादा माहितीच्या पानावर, कोणत्या पानावरच्या कोणत्या प्रश्नाबद्दल लिहिताय ते देऊन, दोन वाक्यांत: जन्मदाते कोण, दत्तक कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्याने झालं. अधिकाऱ्याला शंका येण्याआधीच उत्तर हाताशी मिळालं, तर पिटिशन पुढे सरकतं.

‘इतर नावं’ हा रकाना मराठी माणसाने अजिबात रिकामा सोडू नये. आपलं मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे दत्तक झालं की मधलं नाव बदलतं, घराणं वेगळं असेल तर आडनावही. जन्मदाखल्यावर ‘अमोल शंकर’ आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘अमोल दत्तात्रय’ असेल, तर अमेरिकी अधिकाऱ्यासाठी ही दोन वेगळी माणसं आहेत. जन्माचं पूर्ण नाव तिथे लिहा, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या पानाची प्रत सोबत जोडा. एवढा एक रकाना नीट भरला की निम्मा गोंधळ मिटतो.

चौथ्या भागात ज्याला बोलवायचं त्याच्या नवरा-बायको आणि सगळ्या मुलांची यादी असते. दत्तक आईची यादी करताना तुमचं स्वतःचं नाव त्यात हवं. मुलगा पिटिशन करतोय आणि आईच्या मुलांच्या यादीत त्याचंच नाव नाही, असं झालं तर फॉर्म स्वतःलाच खोटं पाडतो.

आई आणि वडील, दोघांसाठी दोन स्वतंत्र फॉर्म लागतात. नागरिकाचे आईवडील ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ गटात येतात. तिथे वार्षिक कोट्याची रांग नाही, पण एकाच्या पिटिशनवर दुसऱ्याला सोबत आणण्याची सोयही नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ऑनलाइन भरलेल्या प्रत्येक फॉर्मला ६२५ डॉलर आणि कागदी फॉर्मला ६७५ डॉलर लागतात. पुढे व्हिसाच्या टप्प्यावरचं शुल्क वेगळं.

दत्तकपत्र: कागद एक, शंका चार

सूचनापत्रक दत्तकाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागतं. न्यायालयाचा आदेश असेल तर काम सोपं आहे. बालन्याय कायदा २०१५ खाली झालेलं दत्तक असेल, तर आधी न्यायालय आणि १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी आदेश देतात. त्यावर तारीख, पालकांची नावं, मुलाची जन्मतारीख असं सगळं असतं, आणि जन्मदाखलाही दत्तक पालकांच्या नावाने मिळतो.

घरातलं दत्तक मात्र बहुतेक १९५६ च्या कायद्याने झालेलं असतं. त्यात न्यायालयाचा आदेश नसतो. असतं ते दत्तकपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं. या कायद्यात दत्तक पूर्ण होतं ते मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याने. दत्तहोम झाला नाही तरी चालतं, पण देणं-घेणं झालंच पाहिजे. देणारे आणि घेणारे दोघांच्याही सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर कलम १६ प्रमाणे दत्तक कायद्यानुसार झालं असं गृहीत धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून काढलेली प्रमाणित नक्कल आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर, दोन्ही जोडा. सोबतच्या पत्रात कलम १६ चा उल्लेख जरूर करा, कारण ‘कोर्टाचा कागद कुठे आहे?’ ही पहिली शंका तिथेच सुटते.

दुसरी शंका आईची. जुन्या दत्तकपत्रांत ‘घेणार’ म्हणून फक्त वडिलांचं नाव असतं आणि पत्नीची संमती असते. मग आईच्या पिटिशनमध्ये प्रश्न येतो की हिने दत्तक कुठे घेतलं? उत्तर कलम १४ मध्ये आहे: पत्नी हयात असताना पतीने दत्तक घेतलं, तर ती दत्तक आई मानली जाते. सोबत त्यांच्या लग्नाचा पुरावा द्या, ज्यावरून दत्तकाच्या तारखेला त्या विवाहित होत्या हे दिसेल. वडिलांनी एकट्याने दत्तक घेऊन नंतर लग्न केलं असेल, तर ती कायद्याने सावत्र आई ठरते. तिच्यासाठी चौकट वेगळी, आणि ते लग्न मूल अठराचं होण्याआधी झालेलं हवं.

तिसरी शंका तारखेची, आणि ही सगळ्यात अवघड. देण्याघेण्याचा विधी मूल पाच वर्षांचं असताना झाला, दत्तकपत्र मात्र मुलगा वीस वर्षांचा असताना नोंदवलं, असं अनेक घरांत आहे. अमेरिकी अधिकारी नोंदणीची तारीख पाहतो आणि वय सोळाच्या पुढे गेलं म्हणतो. अशा वेळी त्या काळातला पुरावा लागतो: विधीचे फोटो, निमंत्रणपत्रिका, आणि सगळ्यात वजनदार म्हणजे नोंदणीच्या कितीतरी आधी दत्तक वडिलांचं नाव लागलेले शाळेचे कागद. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवा. त्यात नाव कधी बदललं, कोणत्या कागदावरून बदललं याची शेऱ्याच्या रकान्यात नोंद असेल, तर तो एक उतारा दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा भारी ठरतो. नंतर केलेली प्रतिज्ञापत्रं पूरक म्हणून ठीक, एकटी पुरत नाहीत. भारतीय दिवाणी न्यायालयाकडून दत्तकाची तारीख जाहीर करून घेण्याचा मार्ग आहे, पण पिटिशनच्या तोंडावर आणलेल्या अशा निकालाकडेही अधिकारी बारकाईने पाहतो. त्याच्या जोडीलाही जुने कागद हवेतच.

चौथी शंका धर्माची. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पालकत्व घेतलं जायचं. ते दत्तक नव्हे, आणि आय-१३० मध्ये दत्तक म्हणून चालत नाही. बालन्याय कायद्याखालचं दत्तक मात्र सगळ्या धर्मीयांना खुलं आहे.

एकाच वाड्यात दोन्ही आईवडील

सूचनापत्रकाने इथे फार कमी सांगितलं आहे. एकत्र राहण्याची तारीखवार यादी मागितली आहे, पत्त्यांसह. ती प्रत्येक जण देतो. पण नियमावली त्यापुढे जाते. दोन वर्षं म्हणून दाखवलेल्या काळात मूल, दत्तक पालक आणि जन्मदाते, तिघंही नेमके कुठे राहत होते ते स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि मूल त्या काळात जन्मदात्यांबरोबर एकाच घरात असेल, तर पालक म्हणून मुख्य अधिकार दत्तक आईवडील चालवत होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी पिटिशन करणाऱ्यावर येते.

काकांनी पुतण्याला दत्तक घेतलं, दोघा भावांचं घर एक, चूल एक, असं असेल तर हा मुद्दा आपल्यालाच लागू आहे. त्यासाठी पुरावा असा शोधायचा: घर कुणाच्या नावावर, घरपट्टी कोण भरत होतं, शाळेची फी कुणाच्या नावाने भरली, प्रवेशअर्जावर आणि प्रगतिपुस्तकावर सही कुणाची, दवाखान्याच्या कागदांवर पालक म्हणून कोण, विम्यात, बँकेच्या अज्ञान खात्यात पालक कोण. रेशन कार्ड दोन्ही कुटुंबांचं वेगळं असेल आणि मुलाचं नाव दत्तक वडिलांच्या कार्डावर असेल, तर तो फार चांगला कागद. सामाईक रेशन कार्डातून मात्र काहीच सिद्ध होत नाही. उलट सगळे एकत्र राहत होते हेच त्यातून ठळक होतं, म्हणून ते इतर पुराव्यांबरोबरच द्या. घराचा साधा हाताने काढलेला नकाशाही उपयोगी पडतो: कोणत्या खोल्या कुणाच्या, मूल कुठे झोपायचं. प्रगतिपुस्तकावरची सलग चार-पाच वर्षांची एकाच हातची सही पालकत्व जितकं उघड दाखवते तितकं दुसरं फार थोडं दाखवतं. माळ्यावरच्या पेटीत ती पुस्तकं असतील तर आजच बाहेर काढून स्कॅन करा.

पासपोर्टवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

डिसेंबर २०१६ मध्ये भारताने पासपोर्टचे नियम सैल केले. देशांतर्गत दत्तकासाठी नोंदणीकृत दत्तकपत्राची सक्ती गेली, आणि ते नसेल तर साध्या कागदावरची घोषणाही चालू लागली. पासपोर्ट मिळण्यासाठी हे उत्तमच झालं. पण त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला: पासपोर्टच्या शेवटच्या पानावर दत्तक आईवडिलांची नावं आहेत, आधारवर आहेत, म्हणजे दत्तक सिद्ध झालं. यूएससीआयएससाठी ते झालेलं नसतं. पासपोर्ट ओळख आणि नागरिकत्व दाखवतो. दत्तक दाखवतो तो आदेश किंवा दत्तकपत्र. फक्त पासपोर्ट आणि आधार जोडून पाठवलेल्या पिटिशनवर जादा पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई, ठरलेली समजा. तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त बारा आठवडे आणि टपालाचे मोजके दिवस मिळतात. मुदतवाढ मिळत नाही. गावाकडच्या कार्यालयातून नक्कल काढायला हा काळ कमी पडू शकतो, म्हणून नक्कल हातात आल्यावरच पिटिशन भरा.

जुने फॉर्म काय म्हणतात

दत्तक खरं असतं, कागद असतात, तरी पिटिशन इथे अडतं. विद्यार्थी व्हिसासाठी भरलेल्या डीएस-१६० वर वडिलांच्या रकान्यात जन्मदात्याचं नाव. ग्रीन कार्डाच्या आय-४८५ वर दत्तक वडिलांचं. मध्येच एखाद्या फॉर्मवर वडील दत्तक आणि आई जन्मदाती. भरताना कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नसतं. ज्या वेळी जो कागद हाताशी होता त्यावरचं नाव गेलं, इतकंच. पण अमेरिकेत हे सगळे फॉर्म फाइलला राहतात आणि नव्या पिटिशनशी ताडून पाहता येतात.

या बाबतीत डीएस-१६० आणि डीएस-२६० (ग्रीन कार्डासाठीच्या व्हिसाचा अर्ज) दोन्ही फॉर्म कमी पडतात. वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख असे रकाने आहेत, पण आय-१३० सारखी दत्तक नातं सांगणारी सुटसुटीत चौकट पालकांच्या रकान्याशेजारी नाही. या दोघांना पाचपैकी दोन. आय-४८५ मध्ये पालकाचं सध्याचं कायदेशीर नाव आणि जन्मनाव वेगळं विचारतात. यातला ‘जन्मनाव’ हा रकाना पालकाच्या स्वतःच्या जन्मनावासाठी आहे, उदाहरणार्थ आईचं माहेरचं नाव. तिथे जन्मदात्या पालकाचं नाव टाकण्याची चूक होते आणि मग एकाच ओळीत दोन माणसं एकत्र होतात.

उपाय असा. आय-१३० भरण्याआधी आपल्याकडचे सगळे जुने फॉर्म काढा. प्रत नसेल तर यूएससीआयएसकडे माहिती अधिकाराच्या धर्तीवरची एफओआयए विनंती ऑनलाइन करून फाइलची प्रत मागवता येते. तफावत दिसली तर ती लपवू नका आणि जुन्या चुकीशी जुळवून नवा फॉर्मही चुकवू नका. एक पानाचं सही केलेलं निवेदन जोडा: कोणत्या फॉर्मवर, कोणत्या वर्षी, कोणतं नाव लिहिलं, ते कोणत्या कागदावरून, आणि खरी स्थिती काय. जाणूनबुजून दिलेली खोटी महत्त्वाची माहिती अमेरिकेत कायमच्या प्रवेशबंदीपर्यंत नेऊ शकते. म्हणून ही तफावत साधी आहे हे तुम्हीच आधी दाखवणं हिताचं. तफावत गंभीर असेल, म्हणजे त्या जुन्या नावावरच एखादा लाभ मिळालेला असेल, तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

हा फॉर्म कुणासाठी नाही

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि तिथले नागरिक असलेले काका कोल्हापूरला येतात, भावाच्या मुलीचं दत्तकविधान होतं, दत्तकपत्र नोंदलं जातं, आणि मग तिच्यासाठी आय-१३० भरायला बसतात. हा रस्ता चुकलेला आहे. भारतात हेग करार १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाने भारतातलं मूल घ्यायचं, तर आधी आय-८००ए, मग आय-८०० हे हेग दत्तकाचे फॉर्म, आणि भारताच्या बाजूने ‘कारा’ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची प्रक्रिया. नात्यातलं मूल असलं तरी तसंच. आय-८०० ला तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तक पूर्ण केलं, तर पुढचं सगळं अवघड होतं. सप्टेंबर २०२१ च्या नियमदुरुस्तीने १९५६ च्या कायद्याखाली झालेल्या दत्तकांनाही परदेशी नेण्यासाठी ‘कारा’चं ना-हरकत पत्र मिळण्याची सोय झाली. पण ते भारताच्या बाजूचं पत्र आहे, अमेरिकेच्या अटी त्याने पूर्ण होत नाहीत.

एच-१बी वर असलेल्या जोडप्यांचा प्रश्न वेगळा. दोघांपैकी कुणी नागरिक नाही, म्हणून आय-८०० चा रस्ता बंद. मुलासाठी एच-४ हा आश्रितांचा व्हिसा हवा, तर तिथेही ‘मूल’ या शब्दाची तीच व्याख्या लागते, दोन वर्षांच्या ताब्यासह आणि सहवासासह. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, नवा जन्मदाखला, पासपोर्ट असं सगळं हातात असूनही ही दोन वर्षं भरलेली नसतात. आईवडिलांपैकी एकाला भारतात मुलाबरोबर राहून ती भरावी लागू शकतात. ‘कारा’कडे नोंदणी करण्याआधीच हे गणित मांडा.

ऑनलाइन की कागदी

दत्तकाच्या पिटिशनला ऑनलाइनच बरं. पन्नास डॉलर वाचतात हा लहान फायदा. मोठा फायदा असा की पुरावे भरपूर असतात आणि ते नीट नाव देऊन अपलोड करता येतात: ‘दत्तकपत्र आणि भाषांतर’, ‘सहवास १९९६ ते १९९९’, ‘शाळेचे उतारे’. एका फाइलला १२ एमबीची मर्यादा आहे. पीडीएफ, जेपीजी आणि टिफ चालतात. पासवर्ड लावलेली फाइल घेतली जात नाही. अर्धवट भरलेला मसुदा शेवटच्या कामापासून ३० दिवस राहतो, नंतर पुसला जातो. म्हणून कागद जमवून मगच खातं उघडा. कागदी फॉर्म पाठवायचाच असेल, तर २८ ऑक्टोबर २०२५ नंतर चेक स्वीकारत नाहीत. कार्डासाठी जी-१४५०, खात्यातून थेट पैसे देण्यासाठी जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो.

भाषांतराला नोटरी लागत नाही. लागतं ते भाषांतरकाराचं सही-तारखेसह प्रमाणपत्र: भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे, आणि दोन्ही भाषा आपल्याला येतात. संपूर्ण म्हणजे खरोखर संपूर्ण. दत्तकपत्राच्या मागच्या बाजूचा नोंदणीचा शिक्का, स्टँप पेपरवरचा विक्रेत्याचा मजकूर, साक्षीदारांच्या सह्यांखालची नावं, समासातला हाताने लिहिलेला शेरा, सगळं त्यात हवं. जिथे वाचता येत नाही तिथे ‘अवाच्य’ या अर्थी इंग्रजीत तसं लिहा, गाळू नका. मोडी लिपीतला जुना कागद असेल तर आधी देवनागरी लिप्यंतर, मग इंग्रजी, आणि दोन्ही जोडा.

मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे प्रत्येकी ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचं आणि १२० डॉलर आर्थिक हमीपत्राच्या छाननीचं शुल्क भरून डीएस-२६० भरायचा. तो दत्तक आईवडील स्वतःचा भरतात, म्हणजे त्यातल्या पालकांच्या रकान्यात त्यांचे आईवडील येतात आणि मुलांच्या यादीत तुम्ही. मुलाखतीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये जाताना मूळ दत्तकपत्र, निबंधकाची नक्कल, भाषांतर, लग्नाचा दाखला आणि शाळेचे मूळ कागद बरोबर असू द्या. प्रश्न साधे असतात: मुलाला कधी घेतलं, का घेतलं, तेव्हा तो कितवीत होता, त्याचे जन्मदाते कुठे असतात, त्यांना किती मुलं. वयस्कर आईवडिलांना तारखा आठवत नाहीत, आणि त्यांनी त्या पाठ करून म्हणायचीही गरज नाही. पण पिटिशनला जोडलेली तारखांची यादी त्यांच्यासमोर मराठीत एकदा शांतपणे वाचून दाखवा, आणि त्यातलं एखादं वर्ष त्यांना खटकलं तर ते का खटकलं हे फॉर्म पाठवण्याआधी विचारून घ्या.